खबरीची बखर व्हायला हवी

१७ सप्टेंबर १९८२ रोजी भोपाळच्या 'रपट' नावाच्या एका छोट्या हिंदी साप्ताहिकात राजकुमार केसवानी यांचा लेख छापून आला. मथळ्यातच त्यांनी हात जोडले होते: हुजूर, या शहराला वाचवा. शहरातल्या कीटकनाशकांच्या कारखान्यात विषारी वायू किती बेफिकिरीने हाताळले जातात, हे त्यांनी कामगारांशी बोलून, कागदपत्रं मिळवून लिहिलं होतं. दोनच आठवड्यांनी त्यांनी पुन्हा लिहिलं, या वेळी मथळा होता भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसल्याचा. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'मधून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. कुणी हललं नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला आणि झोपलेलं शहर गुदमरून उठलं.

आमच्या धंद्यात बातमी जोखण्याचं एक माप झालं आहे, 'इम्पॅक्ट'. मंत्र्याने राजीनामा दिला का, चौकशी लागली का, निदान सभागृहात प्रश्न तरी विचारला गेला का? या मापाने मोजलं तर केसवानींचे लेख साफ फसले. मला हे माप मान्य नाही. दुर्घटनेनंतर कंपनी म्हणाली की हा घातपात होता, कुणा नाराज कामगाराचं काम होतं. त्या दाव्यासमोर उभं राहायला दोन वर्षांपूर्वीची छापील पानं होती, तारखेसकट. कारखाना कसा चालवला जातो हे कुणाला ठाऊकच नव्हतं, असं म्हणायला कुणालाही जागा उरली नाही. छापल्या दिवशी ज्या लेखाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती, तोच पुढे साक्षीदार ठरला. पण त्यासाठी एक अट होती: तो अंक कुणीतरी जपून ठेवलेला असायला हवा होता.

त्या अटीसाठीच हा लेख आहे. सखोल वार्तांकन हवं, असं सगळेच म्हणतात. त्यावर परिसंवाद होतात, पुरस्कार दिले जातात. मात्र ते वार्तांकन एकत्र करून, तारीखवार लावून, पुस्तकात किंवा संग्रहात बांधून ठेवणं हे आपण लेखकाच्या हौसेवर आणि प्रकाशकाच्या मर्जीवर सोडून दिलं आहे. माझ्या मते बांधून ठेवणं हा पत्रकारितेचाच अर्धा भाग आहे, आणि तो न झाल्यामुळे पहिल्या अर्ध्या भागाची मेहनतही पाण्यात जाते.

आपल्या भाषेनेच हे एका शब्दात सांगून ठेवलं आहे. 'बखर' हा शब्द 'खबर' या शब्दातली अक्षरं उलटसुलट होऊन आला, असं एक मत आहे. व्युत्पत्ती म्हणून त्यावर वाद घालता येईल, पण मला त्यातली कल्पना फार आवडते. आली तेव्हा ती खबर होती, कुणीतरी लिहून जपली तेव्हा तिची बखर झाली. बखरींबद्दल इतिहासकारांची जी जुनी तक्रार आहे तीही इथे लक्षात घ्यायला हवी: अनेक बखरी घटनेनंतर कितीतरी वर्षांनी, ऐकीव गोष्टींवर लिहिल्या गेल्या, त्यामुळे तारखा चुकल्या, माणसं मोठी झाली, पराभव झाकले गेले. खबर ताजी असताना, जागेवर जाऊन लिहिलेली असेल आणि मग जशीच्या तशी जपलेली असेल, तर तिच्यात हा दोष येत नाही.

सखोल म्हणजे लांबलचक, असा एक समज आहे. पाच हजार शब्दांचा उथळ लेख मी वाचला आहे, आणि चारशे शब्दांत तळ गाठणारी बातमीही. सखोलपणा येतो वेळेतून. अमेरिकन पत्रकार जॉन हर्सी मे १९४६ मध्ये जपानला गेले तेव्हा हिरोशिमावर अणुबॉम्ब पडून नऊ महिने झाले होते. जगाला आकडे माहीत होते, ढगाचं छायाचित्र माहीत होतं, बॉम्बची ताकद माहीत होती. हर्सींनी सहा माणसं निवडली. त्यांच्यातली एक होती टिनाच्या कारखान्यातली कारकून. सव्वाआठला ती आपल्या टेबलाशी नुकतीच बसली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलायला तिने मान वळवली होती. बॉम्ब पडला तो त्या क्षणी. मागची पुस्तकांची कपाटं तिच्या अंगावर कोसळली आणि तिचा पाय त्याखाली चिरडला. लेख सुरू होतो तो या वळवलेल्या मानेपासून. लाखाच्या आकड्याने जे वाचकाला कळलं नव्हतं ते या एका हालचालीने कळलं, कारण सकाळी कामावर बसताना शेजारणीशी बोलायला आपण सगळेच मान वळवतो.

'न्यूयॉर्कर'ने ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक त्या एका लेखाला दिला. सुमारे ३१,००० शब्दांचा लेख. आधी तो चार भागांत छापायचं ठरत होतं, पण भाग पाडले तर त्यातलं काहीतरी तुटेल हे संपादकांनी ओळखलं. अंक हातोहात संपला, आणि त्याच वर्षी लेखाचं पुस्तक झालं. मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. जवळजवळ ४० वर्षांनी, १९८५ मध्ये, हर्सी त्याच सहा जणांचं पुढे काय झालं ते लिहायला परतले. ती कारकून जोगीण होऊन चर्चच्या सेवेत गेली होती. एक डॉक्टर वारले होते. हा नवा भाग त्याच पुस्तकाला जोडला गेला. पुस्तक नसतं तर तो जोडायचा कशाला? चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकाला पुरवणी लावता येत नाही. बातमी एकत्र बांधलेली असली की तिला पुढचं पान जोडता येतं, आणि आमच्याकडे ज्याला 'फॉलोअप' म्हणतात आणि जो सहसा होत नाही, तो होण्याची शक्यता तरी राहते.

सुट्ट्या बातम्या आणि बांधलेल्या बातम्या यांत आणखी एक फरक आहे, आणि तो मला पी. साईनाथ यांच्या कामातून नीट उमगला. पाच राज्यांतल्या दहा अतिगरीब जिल्ह्यांत फिरून त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'साठी ८४ वृत्तांत लिहिले. १९९६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. मराठीत ते 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने आलं आहे. त्यातला एक वृत्तांत आहे ओडिशातल्या धुरुआ आदिवासींचा. सरकारी यादीत त्यांच्या जमातीचं नाव एका अक्षराने वेगळं पडलं, 'धारुआ' असं, आणि तेवढ्यावरून त्यांना आदिवासी म्हणून मिळायचे हक्क नाकारले गेले. दुसरा वृत्तांत आहे त्याच राज्यातल्या एका गोसुधार योजनेचा. संकरित वासरं हवीत म्हणून तिथल्या खरियार जातीच्या बैलांचं सरसकट खच्चीकरण झालं. दोन वर्षांत हाती लागली ती मूठभर वासरं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत टिकलेली गुरांची जात मात्र हातची गेली.

वर्तमानपत्रात हे दोन लेख वेगवेगळ्या दिवशी वाचले तर एक कारकुनी चूक वाटते आणि दुसरी फसलेली योजना. चुकचुकायचं आणि पान उलटायचं. पुस्तकात मात्र ते एकामागोमाग येतात, त्यांच्या मागेपुढे शिक्षक नसलेल्या शाळा येतात, सावकार येतात, विस्थापितांची गावं येतात. दहाव्या-बाराव्या लेखाशी वाचक थबकतो. ही सुटी सुटी अपघातांची मालिका नाही, यात एक पद्धत आहे, हे त्याला कुणी न सांगता दिसू लागतं: ज्याच्यासाठी योजना आहे त्यालाच न विचारता ती आखली जाते. गरिबी ही एके दिवशी घडणारी घटना नसते, ती रोज चालणारी प्रक्रिया असते, हा साईनाथ यांचा आग्रह. घटना एका बातमीत मावते. प्रक्रिया दाखवायची तर बातम्या एका ओळीत मांडाव्या लागतात.

आयडा टार्बेल यांनी हेच काम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलं. स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीचा त्यांनी लिहिलेला इतिहास 'मॅक्लुअर्स' मासिकात १९०२ पासून १९ भागांत आला, १९०४ मध्ये पुस्तक झालं, आणि १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदार कंपनी मोडून काढली. निकालाचं सगळं श्रेय एका लेखमालेला देणं योग्य नाही, सरकारी वकिलांनी स्वतंत्रपणे खटला लढवला होता. पण टार्बेल यांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी वेषांतर केलं नाही, कुणाचं कपाट फोडलं नाही. न्यायालयांतल्या जबान्या, विधिमंडळांच्या चौकशी समित्यांचे अहवाल, जुन्या पत्रिका, स्थानिक वर्तमानपत्रं, असं जागोजागी पडलेलं साहित्य त्यांनी वाचून काढलं आणि एकापुढे एक मांडलं. त्यात त्यांना १८७० च्या दशकातली एक पत्रिका हवी होती. कंपनीच्या सुरुवातीच्या कारस्थानांची हकिगत त्या पत्रिकेत होती. सगळे म्हणाले, ती आता मिळायची नाही, कंपनीने प्रती गोळा करून नष्ट केल्या. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक प्रत निघाली.

अशीच एक प्रत बंगालच्या दुष्काळाचीही उरली. १९४३ मध्ये चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूरच्या गावांतून पायी फिरले, भुकेने मरणाऱ्या माणसांची चित्रं काढली आणि सोबत वृत्तांत लिहिला. त्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाकडे एक प्रत राहिली आणि पुढे कित्येक वर्षांनी तिच्यावरून पुन्हा छपाई झाली. त्याच वर्षी २२ ऑगस्टला 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी कलकत्त्याच्या रस्त्यावरच्या भुकेल्यांची छायाचित्रं छापली आणि सरकारी मौन फुटलं. स्टीफन्स यांच्या हाती मोठं वर्तमानपत्र होतं, त्यांचे अंक ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत आहेत. चित्तप्रसाद यांचं काम नशिबाने वाचलं. लोकांच्या दुःखाची नोंद नशिबावर सोडायची की व्यवस्थेवर, एवढाच माझा प्रश्न आहे.

कधीकधी बातमी पुस्तकात न जाता थेट निकालपत्रात जाते. ८ आणि ९ जानेवारी १९७९ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये के. एफ. रुस्तमजी यांचे बिहारच्या तुरुंगांवरचे दोन लेख आले. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ खटल्याची वाट पाहत आत पडलेले कच्चे कैदी त्यात होते. त्या लेखांच्या आधारावर वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. हुसैनारा खातून खटला तो हाच. जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं, आणि पुढे हजारो कच्चे कैदी सुटले. आज कायद्याचा विद्यार्थी तो निकाल वाचतो तेव्हा त्या दोन लेखांपर्यंतही पोहोचतो. जगातल्या बहुतेक चांगल्या बातम्यांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

मराठीत या कामाची परंपरा आहे, आणि ती अनिल अवचट यांच्या नावाशिवाय सांगता येणार नाही. हमाल, विडी कामगार, विणकर यांच्यावर त्यांनी लिहिलेलं मूळ ज्या नियतकालिकांत आलं, ते अंक आज शोधायला गेलात तर दमछाक होईल. पुस्तकं मात्र मिळतात. व्यसनाधीनांवरची त्यांची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले आणि १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. हा तिचा तत्काळ परिणाम झाला. पण 'गर्द' या पुस्तकाच्या रूपाने ती मालिका उरली, म्हणून ज्याच्या घरात आज हा प्रश्न उभा आहे तो माणूसही ती वाचू शकतो.

आता आक्षेप. सगळ्यात सरळ आक्षेप हा की वृत्तपत्रीय लेखनाचे संग्रह बहुतेक वेळा कंटाळवाणे असतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. स्तंभ छापून आले, शंभर झाले, कुणा मान्यवराची प्रस्तावना घेतली, पुस्तक काढलं. तारखा नाहीत, संदर्भ नाहीत, चार लेखांत तोच मुद्दा, आणि 'गेल्या आठवड्यात' हे शब्द तसेच. गेल्या म्हणजे कुठल्या, ते वाचकाने ओळखायचं. याला मी संग्रह म्हणत नाही, हे कात्रणांचं गाठोडं. संग्रह करणं हे संपादनाचं काम आहे आणि ते कष्टाचं आहे. प्रत्येक लेखाखाली तारीख हवी. तेव्हा जे चुकलं ते आता गुपचूप दुरुस्त करायचं नाही, खाली टीप देऊन चूक कबूल करायची. लेखातल्या माणसांचं, खटल्याचं, योजनेचं पुढे काय झालं ते लिहायचं. आणि शेवटी सूची हवी, नावांची आणि ठिकाणांची, कारण अशी पुस्तकं लोक पहिल्या पानापासून वाचतात त्यापेक्षा एखादं नाव शोधायला जास्त उघडतात.

ही शिस्त बातमीदारालाही जाब विचारते, म्हणून मला ती अधिकच हवीशी वाटते. १९८१ मध्ये अश्विनी सरीन यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'साठी एका स्त्रीला विकत घेतलं, बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करण्यासाठी. बातमीने देश हादरला. त्या घटनेवरून विजय तेंडुलकरांनी 'कमला' लिहिलं आणि बातमीच्या मागे उभ्या असलेल्या पत्रकारावरच प्रकाशझोत टाकला: पुरावा म्हणून आणलेल्या त्या बाईचं काय? दुसऱ्या दिवशी नवी बातमी आली की हा प्रश्न विचारायला कुणी थांबत नाही. लेख संग्रहात घेताना मात्र तो चुकवता येत नाही. पुढे काय झालं, या ओळीसमोरची जागा कोरी राहिली तर ती कोरी जागाही वाचकाला दिसते.

दुसरा आक्षेप असा की आता सगळं इंटरनेटवर आहे, बांधायचं कशाला? ज्यांनी जुन्या बातम्या शोधल्या आहेत ते हे म्हणणार नाहीत. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ सालची ३८ टक्के वेबपानं दहा वर्षांनंतर उघडेनाशी झाली होती. बातम्यांच्या पानांपैकी २३ टक्के पानांवर निदान एक तरी दुवा मेलेला होता. वर्तमानपत्राचा कागद वाईट असतो हे खरं. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात राहतं, म्हणून तो उजेडात पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. ग्रंथालयात जुन्या अंकांचा बांधलेला खंड उघडताना मी पानाखाली दोन्ही तळवे सरकवून पान उलटलेलं आहे, तरी कोपऱ्याचे तुकडे मांडीवर पडले. पण मधला मजकूर वाचता आला. सर्व्हरचं भाडं थकलं की वेबसाइटचा कोपराही हाती लागत नाही.

छापील वर्तमानपत्रांची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देण्याचा कायदा भारतात आहे. १९५४ मध्ये तो पुस्तकांसाठी झाला, १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आली. तो कागदाचा कायदा आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये नियम करून तिथल्या वेबसाइटींची प्रत घेण्याचा अधिकार आपल्या प्रमुख ग्रंथालयांना दिला. हे सगळीकडेच व्हायला हवं. मालकाने वृत्तसंस्था बंद करावी, विकावी, तो त्याचा व्यवहार आहे. पण तिने छापलेलं सगळं एका सार्वजनिक संग्रहाकडे सोपवल्याशिवाय कुलूप लावता येऊ नये. वाचकांचा त्यावर हक्क आहे, आणि ज्यांनी बातमीदाराला आपल्या दारात बसवून आपली कहाणी सांगितली त्यांचा तर सगळ्यात आधी. त्यांनी ती एका दिवसासाठी सांगितली नव्हती. पत्रकारिता शिकवणाऱ्या विभागांनीही दरवर्षी एकेका बातमीदाराचं काम संपादित करून काढायला काय हरकत आहे? विद्यार्थ्यांना त्यातून जे शिकायला मिळेल ते कुठल्या नोट्समधून मिळेल असं मला वाटत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याने दगडखाणींतल्या कामगारांवर एका वृत्तसंकेतस्थळासाठी चौदा भागांची मालिका लिहिली होती. दगडाची धूळ फुप्फुसात साठून होणारा सिलिकोसिस हा तिचा विषय. छातीचा एक्स-रे रोग दाखवत होता, पण नुकसानभरपाई मागायची तर खाणीत काम केल्याचा पुरावा लागतो, आणि हजेरीपटावर यांची नावंच नव्हती. एका कामगाराने हजेरी म्हणून आपल्या झोपडीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या, एका दिवसाची एक, दर सातवी रेघ आडवी. सहकाऱ्याने त्या मोजल्या आणि भिंतीचा फोटो मालिकेच्या सहाव्या भागात दिला. पुढे मालकांनी ते संकेतस्थळ एका रात्रीत बंद केलं, आगाऊ सूचना न देता. सहकारी आता हयात नाहीत. त्यांच्या मेलमध्ये कच्चे मसुदे सापडले, काही वाचकांनी छापून ठेवलेली पानं पाठवली, एका कार्यकर्तीने फोनमधले स्क्रीनशॉट दिले. आतापर्यंत आमच्याकडे नऊ भाग जमले आहेत. सहाव्याचा मजकूर मिळाला आहे, भिंतीचा फोटो अजून मिळालेला नाही.